लान्सा म्हणायचं नाही

पासो काइमान, ३ फेब्रुवारी

एलिसेओ,

येऊ नकोस. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, ती शेवटी विचारीन. आधी हे नीट वाच आणि मग चिठ्ठी जाळून टाक. येऊ नकोस.

तुझी चिठ्ठी पोन्सियानोनं होडीतल्या बर्फाच्या पेटीत माशांखाली दडवून आणली. शाई सगळी पसरली होती, पण "सुट्टी देत नाहीत, तसाच येतो" एवढं मात्र मेलं स्वच्छ वाचता आलं. तसाच म्हणजे कसा? लहानपणी पोहून यायचास तसा? नदी तीच आहे रे, पण आता तू त्या काठावर कोलंबियाचा कॉर्पोरल आहेस आणि हा काठ वेनेझुएलाचा आहे. तुझ्या कॅप्टनला न विचारता आलास आणि इथल्या गणवेशवाल्यांनी धरलं तर हेर ठरशील. पोरांनी धरलं तर काहीच ठरणार नाहीस, कारण पोरं ठरवत बसत नाहीत. त्यांना पोरं म्हणायची आपली सवयच वाईट. चाळिशी उलटलेले, दाढीवाले, तुमच्या फौजेशी लढणारे बंदूकवाले बाप्ये आणि आपण म्हणतो पोरं आली, पोरं गेली. जसे काही चेंडू मागायला आलेत. हल्ली ते येताजाता प्रत्येकाचा फोन उघडून बघतात, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आईला तुला बघायचंय हे खरं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पाय सुजलेत, आणि डॉक्टर तोंड वाकडं करून म्हणतो की पुढच्या नाताळाचं काही सांगता येत नाही. रोज सकाळी विचारते, "आला का गं?" मी म्हणते, "पाऊस संपला की येतो म्हणालाय." अजून पाऊस सुरूसुद्धा झालेला नाही, पण ती म्हणते, "बरं, बरं."

आता काल काय झालं ते सांगते. मला सांगायचं नव्हतं, पण तू ऐकणाऱ्यातला नाहीस.

काल कांदेलारियाच्या सणाची कोंबड्यांची झुंज होती. तिथं तुमच्या बाजूचा एक जण आला होता, तुझ्याच वयाचा, गालाला खळी पडणारा. कोणा मुलीच्या पायी आला होता म्हणतात. तयारी चोख केली होती त्यानं. केस वाढवलेले, टोपी इकडची, बोलणंसुद्धा आपल्यासारखं लांबवून. माझ्या टपरीवर त्यानं दोन तळलेल्या एम्पानादा खाल्ल्या आणि तिखट मागून घेतलं. मलासुद्धा तो इथलाच वाटला. मग पोरांपैकी एकानं गमतीत त्याच्याकडे बिअरचा डबा फेकला. यानं तो झेलला आणि म्हणाला, "आभारी आहे, लान्सा."

एवढंच. तुमच्या पलटणीत उठताबसता म्हणता तो शब्द. इकडे कोणीही म्हणत नाही. सणाची गाणी वाजवणाऱ्यांचे हात थांबले. त्याला स्वतःलाही कळलं. तो हसला. ज्यानं डबा फेकला होता तोही हसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी त्याचे पाय मोटरसायकलला बांधले आणि गुरांच्या आवारात फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत तो ओरडत होता. दुसरीत आईला हाका मारत होता. त्यापुढच्या फेऱ्यांना नुसता इंजिनाचा आवाज. आम्हा सगळ्यांना कुंपणाशी उभं करून बघायला लावलं. मी त्याच्या खळीकडे बघायचं ठरवलं होतं, पण थोड्या वेळानं ती कुठं होती ते कळेना. शेवटी माझ्याच टपरीवरची बादली नेऊन त्यांनी दोर धुतला. दोर चांगला होता म्हणून.

आणि मला आठवला तू, मागच्या खेपेला आलेला. "ए लान्सा, कॉफी दे की!" असं आईला म्हणालास. ती किती हसली होती. "लान्सा म्हणजे काय रे मेल्या?" तर तू म्हणालास, "पलटणीतला जोडीदार, म्हातारे." तो शब्द जिभेवरून खरवडून काढ. इथं लान्सा म्हणायचं नाही. तो कुठं ऐकलास, कुठं लिहिलेला दिसला, तर तिथं मरण आहे असं समज आणि उलट्या पावली पळ.

बाकी आम्ही बऱ्या आहोत. तू जेवतोस ना वेळेवर?

नुबिया


पासो काइमान, ७ मार्च

एलिसेओ,

तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. एवढं लिहिलं आणि तुझं उत्तर काय, तर "शुभ शुक्रवारी येतो, त्या दिवशी पहारा ढिला असतो." अरे, तुझा पहारा ढिला असेल. इथला नाही. आणि "त्याच्यासारखा मी मूर्ख नाही" असं लिहिताना लाज नाही वाटली? तोही घरून निघताना असंच म्हणाला असेल.

ऐक. पोरांचा जुना म्होरक्या गेला आणि नवा आलाय. गोचो म्हणतात त्याला, कारण तो डोंगराकडचा आहे, थंड मुलखातला. तिकडचे लोक कुत्र्यालासुद्धा अहोजाहो करतात हे ऐकून होते, आता डोळ्यांनी बघतेय. माझ्या टपरीवर येतो, टोपी काढतो. "बाई, आपल्या हातची कॉफी मिळेल का?" पैसे ठेवून जातो. पहिल्या आठवड्यात बायका म्हणाल्या, बरा माणूस दिसतो. मग एक दिवस त्यानं दुकानदार तोमासला रस्त्यात थांबवलं आणि म्हणाला, "आपण जरा गुडघे टेकता का?" तोमास बिचारा टेकायलाही लागला. एवढं गोड विचारल्यावर माणूस काय करणार? गोचोनं त्याच्या कानात गोळी घातली आणि त्याच्या बायकोला म्हणाला, "माफ करा हं, आपल्या अंगावर उडालं." का मारलं ते अजून कोणाला ठाऊक नाही.

हे कमी होतं म्हणून काल आईनं घोटाळा केला. तो अंगणात तिच्याशेजारी जाऊन बसला, तिचा हात हातात घेतला. "माझी आईसुद्धा अशीच, डोळ्यांनी गेलेली," म्हणाला. खरं असेलही. आई विरघळलीच. तिच्याशी इतकं हळू कोण बोलतं आता? मी तर दिवसभर खेकसत असते. ती म्हणाली, "माझा धाकटा पलीकडे कॉर्पोरल आहे. असा उंच!" आणि हात वर करून तुझी उंची दाखवली.

मी तेलाची कढई पाडली. मुद्दाम. माझ्याच पायावर. वाटलं, आरडाओरडा होईल, तिचं बोलणं बुडेल. पायाची साल निघाली. गोचोनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आईला एवढंच विचारलं, "फार दिवसांत भेटला नाही का आपला मुलगा?"

आता तरी कळलं का? त्याला ठाऊक आहे की तू आहेस. मला शिव्या घाल, कसाई म्हण, आईला मरताना भेटू दिलं नाही असं सगळ्यांना सांगत फिर. चालेल मला. तिच्या मरणाला तू नसशील तर ती रडेल. तुझ्या मरणाला ती असली तर काय करेल ते मला बघायचं नाही.

नुबिया


पासो काइमान, २४ मार्च

प्रिय लान्सा,

आपण कसे आहात? आम्ही सुखरूप आहोत.

आईची प्रकृती अतिशय बिघडली आहे. ती सारखं आपलं नाव घेते. मागे मी आपल्याला येऊ नका असं लिहिलं, ते रागाच्या भरात लिहिलं होतं. इथलं वातावरण आता शांत आहे. नवे कमांडर सज्जन आहेत. शुभ शुक्रवारी दुपारी सगळं गाव मिरवणुकीत असतं, घाटावर कोणीही नसतं. आपण त्या वेळी यावं. मी आपल्यासाठी मासे करीन.

आईला फार दिवस नाहीत. आपली वाट बघते, लान्सा.

आपली बहीण,
नुबिया

ता. क. पोन्सियानोला बरं नाही, म्हणून पत्र दुसऱ्या माणसाबरोबर पाठवत आहे. अक्षर वाकडं आलं आहे. कागद धरायला दुसरा हात मोकळा नव्हता.


पलीकडून, म्हणजे आता अलीकडूनच, १६ मे

एलिसेओ,

आई शेजारी बसलीय आणि मला मजकूर सांगतेय. "लिही, मी बरी आहे. लिही, इथली खोली कोरडी आहे. लिही, साहेबाला विचारल्याशिवाय कुठं जाऊ नकोस म्हणावं." मी मान हलवते आणि लिहिते. तिला अक्षर दिसत नाही. काय लिहितेय ते तुझं नि माझं.

पत्रात मासे करीन असं का लिहिलं ते सांगायचं राहिलं. वेळच कुठं होता?

गोचो कागद घेऊन आला तेव्हा मी ठरवलं होतं की लिहायचं, पण तो शब्द घालून लिहायचं. वर एकदा, खाली एकदा. त्यानं वाचलं आणि उलट खूश झाला. "लान्सा! छान. आपण त्यांना असंच म्हणता वाटतं?" मी म्हटलं, "हो, लाडानं." मग तो पुढं वाचत गेला आणि अडला कुठं, तर चिगुइरोवर.

मी आपलं सवयीनं लिहिलं होतं, शुक्रवारी तुमच्यासाठी चिगुइरो शिजवीन. आपल्याकडे उपासाच्या शुक्रवारी दुसरं काय शिजतं? पाण्यात राहतो, पाण्यात पोहतो, कुठल्याशा पोपनं त्याला मासा ठरवून दिलंय, हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण डोंगरातल्या माणसाला तो दिसला चार पायांचा, केसाळ, डुकराएवढा. "बाई," तो म्हणाला, "शुभ शुक्रवारी मांस? आपण खुणेचं लिहिताय." मी शपथा घेतल्या. तो म्हणाला, "डावा हात पुढे करा. उजव्यानं आपल्याला लिहायचं आहे." आणि उखळाच्या कडेवर माझा हात धरून त्यांनी वर मुसळ घातलं. दोनदा. पहिल्यांदा बोटं गेली, दुसऱ्यांदा मनगट.

मी ओरडत होते, पोन्सियानोला विचारा, कोणालाही विचारा! त्यांनी पोन्सियानोला आणलं. गोचोनं विचारलं, "चिगुइरो काय आहे?" तो भाबडा म्हणाला, "मासा आहे, साहेब." गोचो म्हणाला, "म्हणजे आपण दोघं सामील." तिथंच, चुलीपुढं, तोंडात बंदुकीची नळी घालून त्याला उडवलं. गोचोच्या मागं त्याचे चार जण उभे होते, चौघंही आपल्याच मुलखातले, उपासाचा महिनाभर चिगुइरोवर ताव मारणारे. एकानंही तोंड उघडलं नाही. माणूस मासा म्हणाला म्हणून मेला, एलिसेओ. आणि ज्या शब्दानं मी तुला खरंच सावध करत होते तो दोनदा तिथंच होता, डोळ्यांसमोर, आणि कोणी बोटही ठेवलं नाही.

एका हातानं मी पत्र पुन्हा लिहिलं, चिगुइरोच्या जागी मासे. पत्र गेलं. मी मनात म्हटलं, सुटला.

आणि तू गुरुवारीच आलास! भर दुपारी, डोक्यावर फाटकी टोपी, खांद्याला मासळीची माळ, "मासे घ्या, ताजे मासे" असं कोणालाही ओळखू येणार नाही इतकं छान लांबवून म्हणत. आम्हाला घरात कोंडून दारात बसवलेल्या पहारेकऱ्यानं तुला शिवी दिली आणि तू त्याला आपल्याकडची अस्सल शिवी परत दिलीस. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, माझं डोकं फिरलं.

दुसरा पहारेकरी झोपाळ्यात घोरत होता, त्याला तू कोयत्यानं झोपाळ्यासकट चिरलंस. दोर तुटले, तो खाली पडला आणि मग जागा झाला, आणि जागा होऊन त्यानं आधी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. दारातला बंदूक खांद्यावरून काढत होता. त्याच्या डोक्यात मी मुसळ घातलं, त्याच मुसळानं, उजव्या हातानं. तो खाली बसला तरी घालत राहिले. तू मला ओढून बाजूला केलंस. मक्याच्या मळलेल्या पिठावर सगळं लाल झालं होतं आणि मला वाटलं, अरे देवा, पीठ वाया गेलं. खरंच तेवढंच वाटलं. वाईट नाही वाटलं. अजूनही वाटत नाही.

"तू कशाला आलास मेल्या?" मी म्हटलं. "शब्द दिसला नाही का तुला?"

"दिसला. दोनदा."

"मग? तो दिसला की पळायचं म्हणून सांगितलं होतं ना?"

"अगं काळे," तू म्हणालास, आणि माझा हात बघून तुझा आवाज फुटला, "ते कळलं. तू माझी बहीण, म्हणून खूण कळली. पण मी शिपाई आहे. आठ वर्षं तो शब्द ऐकला की एकच गोष्ट केली. लान्साला टाकून जात नाहीत."

"परवानगी?"

"कोणाची?" म्हणालास आणि हसलास. एलिसेओ, त्या रक्ताच्या थारोळ्यात उभा राहून हसलास, आणि मला तुझा असा राग आला की दुसरं मुसळ असतं तर तुलाच हाणलं असतं.

आईला पाठीवर घेतलंस. ती सारखी विचारत होती, "कोण रे तू? कोण आहे?" तू बोलला नाहीस. बोलला असतास तर तिनं आनंदानं सगळ्या गावाला तुझं नाव सांगितलं असतं. नुसता तिचा हात गळ्यापाशी धरून ठेवलास. केळीतून घाटापर्यंत आपण पोचलोसुद्धा. पाणी उतरलेलं, वाळू वर आलेली, पलीकडचा काठ इतका जवळ की तिथली गुरं ओळखता यावीत. आईला होडीत ठेवलंस, मला ढकललंस, आणि वर चढावरून आवाज आला, "थांबा. आपण थांबा."

पहिली गोळी तुझ्या मांडीत. तू होडी लोटलीस आणि मागं पडलास. दुसरी होडीच्या लाकडात, आईच्या कानाजवळ. मी एका हातानं वल्हं काखेत दाबून मारत होते आणि होडी गोल फिरत होती. ते सगळे होडीवरच झाडत होते. का झाडणार नाहीत? त्यांच्या लेखी तू एक मासेवाला होतास, दोन बायकांना पळवायला मदत करणारा. त्यांना कॉर्पोरल हवा होता आणि तो उद्या येणार होता. त्यांना हव्या होतो आम्ही, आमिष म्हणून, आणि आमिष पलीकडे जाऊ द्यायचं नव्हतं. तू गुडघाभर पाण्यात होतास, केळी चार पावलांवर. गप्प सरपटत गेला असतास तर निसटला असतास. मी मागं वळून हेच बघत होते, जा रे, जा ना.

आणि तू उभा राहिलास. हात वर केलेस आणि अख्ख्या नदीला ऐकू जाईल असं ओरडलास, "वल्हव, लान्सा! वल्हव!"

अख्ख्या वाटेत, पहारेकऱ्याशी, शिव्या देताना, एकदाही परक्यापुढं जिभेवर येऊ दिला नव्हतास तो शब्द.

सगळ्या नळ्या होडीवरून तुझ्याकडे वळल्या. मी पाहिलं ते. एकदम वळल्या. गोचो ओरडला, "हाच तो! जिवंत, जिवंत!" पण कोणी ऐकलं नाही. मला वाटतं, ते ऐकणार नाहीत हे तुला ठाऊक होतं. मी वल्हवत राहिले. तू सांगितलंस म्हणून. तू पडलास तेव्हाही, ते पाण्यात उतरून तुझ्यावर कोयते चालवत होते तेव्हाही. पाणी होडीपर्यंत लाल आलं नाही, प्रवाह उलटा होता. आईला काही दिसलं नाही.

परवा तुझ्या कॅप्टनकडे जाऊन आले. चांगला माणूस आहे, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तो परवानगीशिवाय शत्रूच्या मुलखात गेला. कागदावर तो पळपुटा आहे. त्याच्यासाठी मी तिकडे काही मागू शकत नाही, देहसुद्धा नाही. मागितला तर तो हेर होता असं तिकडचे म्हणतील." मी म्हटलं, "पळपुटा धोक्यापासून पळतो, साहेब. हा धोक्याकडे धावत आला." तो म्हणाला, "मला कळतं." मी म्हटलं, "आणि परवानगी होती त्याला. मीच दिली. लेखी." त्याला ते समजलं नाही. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. तिथं तुझ्या पलटणीतले तिघं उभे होते. एकानं माझी पिशवी घेतली आणि बसपर्यंत आणून दिली.

आईला अजून सांगितलेलं नाही. पाठीवर कोण होतं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पोन्सियानो. ती म्हणाली, "पोन्सियानोला माशांचा वास येतो." मी म्हटलं, "येत होताच की." "वरवरचा येत होता, अंगाचा नव्हे," म्हणाली. तेव्हापासून रोज पत्र सांगते, पण "आला का गं?" हे एकदाही विचारत नाही.

आता ती मजकूर सांगायची थांबलीय. किती वेळ झाला, मी लिहितेच आहे हे तिच्या लक्षात आलं असणार. मघाशी तिनं माझ्या मोडक्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नुबिया, त्या दिवशी नदीवर कोणीतरी लान्सा म्हणून ओरडलं. ते म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "ज्याला टाकून जात नाहीत तो, आई."

ती म्हणाली, "मग आपण त्याला टाकून कसं आलो?"

हे तिचं वाक्य आहे, जसंच्या तसं घातलंय. बाकी सगळं माझं.

नुबिया